वरची बाटली

४ मार्च
रस्त्याचा कॅम्प, कंटेनर डबा नंबर तीन

मामा, नमस्कार.

तुम्ही बरे असाल, ऑपरेशननंतर डोळ्याला आता स्वच्छ दिसत असेल, मामी वेळेवर थेंब घालत असेल, असं सगळं धरून चालते. मी बरी आहे. पाच महिन्यांनी पत्र आलं म्हणजे हिचं काहीतरी काम असणार, हे तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असेल. काम आहेच. फोन केला असता, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. शिवाय इथे रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिथे एक जण बोलतो नि दहा जण ऐकतात. हे पत्रसुद्धा मी कॅम्पच्या टपालपेटीत टाकणार नाही, खाली चालत जाऊन बसच्या कंडक्टरच्या हातात देणार आहे. पेटीची किल्ली रस्त्याचं काम बघणाऱ्या साहेबांच्या शिपायाकडे असते, आणि त्याने माझं मागचं पाकीट उजेडात धरून बघितलेलं मी पाहिलंय.

आधी इकडची खबर. पाणी तपासायचं काम माझ्याकडे देऊन तुम्ही गेलात तेव्हा रस्ता सातव्या किलोमीटरला होता, आता बाराव्याला पोचला. मधल्या टेकडीला उभं चिरलंय, नुसती लाल माती. कापलेल्या उतारावर लावलेलं गवत निम्मं जगलं, निम्मं मेलं. गाळ अडवायचे खड्डे मी दर आठवड्याला उपसून घेते, पण त्यासाठी घसा फुटेपर्यंत ओरडावं लागतं. पोकलेनवाला मला बघितलं की मुद्दाम इंजिनाचा आवाज वाढवतो. तुमच्या वेळीही असंच करायचा का?

आता मुद्दा. तुमच्या चौकशीची समिती वीस तारखेला इथे येतेय. साहेबांनी माझ्याकडून एक टिपण मागितलंय, सहीनिशी. तुमचे अकरा महिन्यांचे आकडे आणि माझे पाच महिन्यांचे, शेजारी शेजारी. तुमच्या आकड्यांनुसार रस्त्याच्या कामाने ओढा नासत होता, म्हणून तुम्ही दोनदा काम बंद पाडलंत. माझ्या आकड्यांनुसार ओढ्याला काही म्हणजे काही झालेलं नाही. ओढा तोच, काम तेच, मोजायचं यंत्रही तेच. साहेब म्हणतात, "मॅडम, तुम्ही कुणावर आरोप करूच नका. नुसते आकडे लिहा, बाकी समितीला कळतं." म्हणजे मी सही केली की तुम्ही खोटे आकडे लिहिणारा माणूस ठरणार. तीस वर्षं नोकरी करून शेवटाला हे.

म्हणून विचारते, आणि रागावू नका. तुम्ही आकडे वाढवले होते का? साहेबांशी तुमचं वाजलं होतं, सगळ्या कॅम्पला माहीत आहे. एखाद्या दिवशी डोकं फिरलं आणि पंधराचे पन्नास झाले असतील तर मला सांगून टाका. मी कुणाला बोलणार नाही, आईलासुद्धा नाही. तशीही आई सध्या माझ्याशी फोनवर हं आणि बरं एवढंच बोलते. तुम्ही तिचे भाऊ, मी काय नुसती मुलगी.

विचारायचं कारण असं की मला इथे काहीतरी खटकायला लागलंय.

तुम्ही मला शिकवलेलं मला पाठ आहे. कामाच्या वर लाल खुंट, तिथे एक बाटली भरायची. कामाच्या खाली पुलाशी दुसरी. वरच्या बाटलीत ओढ्याचं स्वतःचं पाणी, खालच्या बाटलीत आपण कालवलेलं. दोन्हींच्या गढूळपणातला फरक दहाच्या आत असला तर काम चालू, पुढे गेला तर बंद. समितीसुद्धा फरकच बघते, बाकी काही बघत नाही. माझा फरक तीन, चार, फार तर सहा. मी खूश होते. परवा बाटल्या धुताना बघते तर वरच्या बाटलीच्या बुडाशी लाल गाळ! मामा, वर जंगलात माती काळी आहे. लाल माती फक्त आपल्या कापणीत. मग ती वरच्या बाटलीत आली कशी?

माझ्या बाटल्यांना कुणीतरी हात लावतंय. माझा पहिला संशय पैलवानावर आहे. पैलवान म्हणजे डंपरचा ड्रायव्हर, काडीसारखा आहे म्हणून हे नाव. न सांगता माझी पेटी उचलून गाडीत ठेवतो. कशाला? दुसरा संशय साहेबांवर. तुमच्याशी कायम वाकड्यात असलेला माणूस माझ्याशी गोडीगुलाबीने वागतो. माझा गुडघा दुखतो म्हणून त्यांनी मला वेताची काठी आणून दिली, आणि चौकशीही करतात, "मॅडम, काठी बरी आहे ना?" इतकं चांगलं कुणी उगाच वागत नाही. मी सातला निघते, दोन्ही बाटल्या भरून पावणेआठच्या चहाला परत. चहा होईपर्यंत पंधरा मिनिटं पेटी नजरेआड असते. जे काही होतं ते त्या पंधरा मिनिटांत.

उद्यापासून बाटल्यांच्या मानेला निळा दोरा बांधणार आहे. कसा बांधलाय ते फक्त मला माहीत असेल. बघू कोण सापडतं.

तुमचीच
फौजदार

(हे नाव तुम्हीच ठेवलंत. बिस्किटांचा डबा रिकामा झाला तेव्हा मी सगळ्या घराची झडती घेतली होती, आजोबांच्या कोटाच्या खिशापर्यंत. चोर सापडला नव्हता, पण नाव मला कायमचं चिकटलं.)


१० मार्च

मामा, नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. कदाचित कंडक्टरनेच पत्र खाल्लं असेल, त्याचीही नजर मला बरोबर वाटली नव्हती. तरी पुन्हा त्याच्याचकडे देतेय, दुसरा आहे कोण.

दोरा जसाच्या तसा. तीन दिवस, सहा बाटल्या, एकही गाठ हललेली नाही. पैलवानाने पेटी उचलली, ठेवली, गेला. मग वाटलं यंत्रातच खोट असेल. कारखान्याहून आलेलं तपासणीचं पाणी घालून बघितलं, यंत्र एकदम चोख. मग बाटल्यांवरच संशय घेतला, नव्या आणल्या. त्यातही लाल गाळ. आता उरला फक्त ओढा, आणि ओढा कुणाला सामील व्हायचा नाही.

काल गाळखड्ड्यांपाशी उभी होते तर पैलवानाचा डंपर भरलेला वर गेला आणि रिकामा खाली आला. वर कुठेही भराव चालू नाही. मग हा माती नेतो कुठे? मी काठी घेतली आणि चाकांच्या खुणा धरून निघाले. जुनी लाकडं ओढायची वाट आहे ना, तिकडून. वळणावर वाट संपते तिथे अख्खा उतार लाल झालाय. माती, दगड, मुळांसकट झाडं, सगळं खाली ओढ्यात. पाणी त्यातूनच वाट काढतं. तिथून खाली बघितलं तर लाल खुंट दिसला. खुंट खाली, आणि ढीग वर!

पैलवान दुसरी खेप घेऊन आला तसा मी वाट अडवून उभी राहिले. म्हटलं, "हे कुणी सांगितलं तुला?"

"साहेबांनी. नोव्हेंबरपासून इथेच टाकतो मॅडम."

"आणि आधी कुठे टाकायचास?"

"आधी पुलाजवळ. पण मोठे निरीक्षक होते ना, तुमचे मामा, ते लगेच पकडायचे. काम बंद पाडायचे. मग साहेब म्हणाले, आता लाल खुंटाच्या वर टाका, मॅडम तिकडे येत नाहीत."

"आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "मला वाटलं, तुमचं नि साहेबांचं ठरलंय."

ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं आणि साहेबांचं! मी त्याला नाही नाही ते बोलले. तो ऐकून घेत होता. त्याने खेप तिथे टाकली नाही, भरलेला डंपर तसाच मागे घेऊन गेला.

म्हणजे बघा कसं आहे. वरचं पाणी आधीच लाल, खालचंही लाल, फरक शून्याच्या जवळ. माझे आकडे स्वच्छ आणि ओढा घाण. येताना पुलाखालच्या डोहाशी गेले. तुम्ही दाखवला होता तो, जिथे मासे गोट्यांमध्ये अंडी घालतात आणि खालची वस्ती पाणी भरते. गोटे दिसतच नाहीत, हात कोपरापर्यंत गाळात गेला. एक बाई घागर घेऊन आली होती. फडका दुहेरी करून पाणी गाळत होती. मला म्हणाली, "तुम्ही पाणी तपासणाऱ्या ना? पास झालं का?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, गुडघा दुखतोय असं सांगून निघाले.

अजून एक. खुंट जागेवर नाही. नकाशात तो दोन झरे मिळतात तिथे आहे, फार वर. आता जिथे आहे ती जागा त्याची नव्हे. कुणीतरी हलवलाय. साहेबांनी हलवून घेतला असेल. सर्व्हेअरने चुकून दुसरीकडे ठोकला असेल. की जाण्याआधी तुमच्याच हातून काही घोळ झाला होता? डोळ्याला तेव्हा कमीच दिसत होतं तुम्हाला. आठवून बघा.

साहेबांनी टिपणाचा मसुदा टाइप करून दिलाय. अठरापर्यंत सही हवी म्हणतात. मी म्हटलं वाचते. त्यात माझ्या पहिल्या आठवड्याच्या चार नोंदी नाहीत. साहेब म्हणाले, तेव्हा तुमचा हात बसलेला नव्हता, त्या कशाला घ्यायच्या.

मामी कशी आहे? तुम्ही रागावला असाल तर रागावून लिहा, पण लिहा.

तुमची भाची


१६ मार्च

मामा,

तुमचं कार्ड परवा मिळालं. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, तुमची तब्येतसुद्धा नाही. एकच ओळ. "फौजदार, दोन्ही बाटल्या भरून यायला तुला किती वेळ लागतो?"

कंडक्टरने ते कार्ड वाचलं असणार. वाचून त्याला काही कळलं नसेल. मी मात्र बसथांब्यावर उभ्या उभ्या गार पडले. पहिल्या पत्रात मीच लिहून बसले होते, सातला निघते, पावणेआठला चहाला परत. लिहिताना लक्षातही आलं नाही. तुम्ही मात्र तेवढंच वाचलंत.

खुंट मी हलवला, मामा.

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. झऱ्यापर्यंतची वाट तुम्हाला ठाऊक आहे, शेवाळलेले दगड, दोन ठिकाणी अक्षरशः चार पायांवर चढायचं. चौथ्या खेपेला माझा पाय सटकला आणि गुडघा फिरला. तशीच बसून राहिले. रडलेसुद्धा. मग वाटलं, पाणी तर तेच आहे, मध्ये कुणाचं काही काम नाही, इतकं वर तडफडायचं कशाला? खुंट उपटला, खाली ओढत आणला आणि चांगल्या रस्त्याला लागून ठोकला. ठोकण्याआधी दोन्हीकडचं पाणी तपासलं, वर दोन, इथेही दोन. त्या दिवशी खरंच काही फरक नव्हता. गुडघा बरा झाला की परत नेऊन ठोकीन, असं मनाशी म्हटलं. गुडघा महिन्याने बरा झाला. खुंट तिथेच.

साहेबांनी गाडीतून बघितलं होतं. मी दगडाने खुंट ठोकत होते आणि गाडी थांबली. काच खाली झाली. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "मॅडम, पाय जपा." बस्स. दुसऱ्या दिवशी काठी आली. आणि त्याच दिवशी पैलवानाला सांगितलं गेलं की माती आता खुंटाच्या वर टाका. मला कुणीही काहीही विचारलं नाही. गरजच नव्हती, सोय मी आधीच करून दिली होती.

त्या चार नोंदी, ज्या मसुद्यातून गाळल्या, त्या खुंट हलवण्याआधीच्या आहेत, खऱ्या जागेवरच्या. फरक अडतीस, एक्केचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. तुमच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात. तेव्हाच काम बंद पाडायला हवं होतं, मी नुसती नोंद करून ठेवली. ते कागद पाच महिने माझ्याच कपाटात होते आणि मी तुम्हाला विचारत होते, आकडे वाढवले का म्हणून.

तुम्ही म्हणाल, पहिलं पत्र लिहिताना तुला खुंट आठवत नव्हता का? आठवत होता. रोज दिसत होता. पण इतक्या महिन्यांत तो मूळचा तिथलाच वाटायला लागला होता. त्याच्यापाशी विचार आला की मी पैलवानाकडे बघायचे, शिपायाकडे बघायचे, साहेबांकडे बघायचे. कंडक्टरलाही सोडलं नाही. शेवटी तुमच्या डोळ्यावर गेले. ते लिहिलेलं आठवलं की मला अजून लाज वाटते. लाज हा शब्दही अपुरा आहे, पण दुसरा सापडत नाही.

काल खुंट परत नेला. मी एकटीच निघाले होते, वाटेत पैलवान हातोडा घेऊन मागून येताना दिसला. न बोलावता. खरं सांगते, तेव्हासुद्धा मनात आलं की हा मला इथून ढकलतो की काय. खोड जात नाही. त्याने खुंट खांद्यावर घेतला आणि पुढे चालत राहिला. झऱ्यापाशी तुमच्या खुंटाची जुनी खाच अजून शाबूत आहे, सपाट दगडाच्या डाव्या अंगाला. त्याच खाचेत ठोकला. मी तीन बाटल्या भरल्या. झऱ्याशी दोन. मी खुंट ठोकला होता तिथे एक्केचाळीस. पुलाशी पंचेचाळीस. तिन्ही बाटल्यांच्या मानेला निळा दोरा आहे आणि आकड्यांच्या कागदावर माझ्या सहीला साक्षीदार म्हणून पैलवानाचा अंगठा आहे. सही येते त्याला, पण तो म्हणाला, अंगठा नाकारता येत नाही.

आज सकाळी साहेबांकडे गेले. टाइप केलेला मसुदा तसाच, बिनसहीचा, टेबलावर ठेवला आणि त्यावर काठी. ते काठीकडे बघत राहिले.

"मॅडम, बसा. काय झालं?"

"खुंट जागेवर नेऊन ठोकलाय. समितीला माझं वेगळं टिपण देतेय."

"काय आहे त्यात?"

"सगळं. कुठे माती टाकली, कुणी सांगितलं, कधीपासून."

ते हसले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "मी कधी खुंटाला हात लावला का? लेखी कुठे काही आहे का? तुम्हीच सांगा, खुंट कुणी हलवला म्हणून लिहिणार आहात?"

"मी हलवला असं लिहिलंय. पहिल्याच ओळीत."

त्यांनी काठी बाजूला सारली. म्हणाले, "नोकरी जाईल तुमची. परत कुठे पाणी मोजायला कुणी उभं करणार नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे." खरं म्हणजे तोपर्यंत मी तो विचार नीट केलाच नव्हता. बाहेर आले तेव्हा काठी आत राहिली होती.

टिपण मी समितीच्या कचेरीत स्वतः नेऊन दिलं. बसने चार तास. पोच घेतली, त्यावर शिक्का आहे, वेळ आहे. एक प्रत सोबत पाठवतेय. वाचा, आणि कुठे शब्द मऊ पडला असेल तर खूण करून ठेवा, वीस तारखेला तोंडी सांगताना दुरुस्त करीन. तुम्हालाही बोलावतील. तुम्ही या. मी त्या खोलीत असेन. माझ्याशी बोलायलाच पाहिजे असं नाही, पण मी बोलेन तेव्हा तुम्ही समोर असायला हवेत.

आईला अजून सांगितलं नाही. तुम्हीच सांगा. तुमच्याकडून ऐकलं तर ती निदान पूर्ण वाक्य बोलेल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पाच महिने, पाऊण तास. काल, खऱ्या खुंटापर्यंत जाऊन, तीन तास दहा मिनिटं. तुम्ही ती वाट डोळ्यात मोतीबिंदू घेऊन अकरा महिने आठवड्यातून चार वेळा चढलात, आणि कधी एका शब्दाने कुरकुर केली नाहीत. काल उतरताना माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं.

फौजदार म्हणून सही करायला हात धजत नाही. मामा, त्या दिवशी बिस्किटं मीच खाल्ली होती. फ्रॉकवर चुरा होता, तरी सगळ्यांचे खिसे तपासत फिरत होते. तुम्ही मला कडेवर घेतलंत, हाताने तो चुरा झटकलात आणि सगळ्यांसमोर मला फौजदार म्हणालात. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?

तुमची भाची,
जिने डबा रिकामा केला